ट्रेनरकडून शिकून आलेला शिकारी कुत्रा: पहिल्या हंगामात मालकाने काय सांभाळायचं

अमेरिकेत पक्ष्यांची शिकार करणारे अनेक जण आपला तरुण कुत्रा तीन-चार महिने व्यावसायिक ट्रेनरकडे ठेवतात. परत आलेला कुत्रा बघत राहावं असा असतो. गंध मिळाला की थांबतो, माणूस पक्षी उठवेपर्यंत हलत नाही, बार झाला तरी घाबरत नाही. पहिल्या दोन-तीन खेपा झकास जातात. मग कधीतरी तो पक्ष्याकडे एक पाऊल जास्त सरकतो. पुढच्या खेपेला दोन पावलं. हंगामाच्या मध्यावर तो दिसेल त्या पक्ष्यामागे सुसाट सुटलेला असतो आणि मालक मागून शिट्ट्या फुंकत असतो.

मालकाला वाटतं, ट्रेनरने नीट शिकवलं नाही. ट्रेनर म्हणतो, कुत्रा घरी जाऊन बिघडला. बहुतेक वेळा ट्रेनरचंच खरं असतं. मात्र पैसे मोजताना मालकाला एक गोष्ट कुणी स्पष्ट सांगितलेली नसते: कुत्रा जे शिकतो ते कायमचं कोरलं जात नाही. त्याला सवय लागलेली असते, आणि ज्या नियमांमुळे ती लागली तेच नियम रानात पाळले गेले तरच ती टिकते. ते नियम पाळायचे असतात मालकाने.

ट्रेनर नेमकं काय शिकवतो

पक्ष्यांच्या शिकारीचे कुत्रे ढोबळमानाने तीन प्रकारचे. लॅब्रेडॉरसारखे रिट्रीव्हर मुख्यतः पडलेला पक्षी शोधून आणून देतात. स्प्रिंगर स्पॅनियलसारखे कुत्रे बंदुकीच्या टप्प्यात राहून झुडपांतून पक्षी उठवतात. तिसरे पॉइंट धरणारे, म्हणजे पक्ष्याचा गंध आला की त्या दिशेने तोंड करून ताठ उभे राहणारे: इंग्लिश पॉइंटर, इंग्लिश सेटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, विज्ला. हे बंदुकीच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडे धावत शोध घेतात आणि पक्षी सापडला की शिकारी पोचेपर्यंत त्याला जागेवर रोखून धरतात. ट्रेनिंग झालेला आणि न झालेला यांतला फरक या तिसऱ्या प्रकारात सगळ्यात ठळक दिसतो, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

पॉइंट धरणं रक्तातच असतं. काही आठवड्यांचं पिल्लूसुद्धा काठीच्या दोरीला बांधलेल्या पिसासमोर थबकतं. ते कुणी शिकवावं लागत नाही. पण समोरून पक्षी उडाल्यावर थांबणं, बार झाल्यावर थांबणं आणि पक्षी पडताना दिसला तरी हुकूम मिळेपर्यंत थांबणं, हे कुत्र्याच्या स्वभावाच्या साफ उलट आहे. ट्रेनरचे महिने यातच जातात. फी घेताना ट्रेनर ‘स्टार्टेड’ आणि ‘फिनिश्ड’ असे दोन शब्द वापरतात. स्टार्टेड कुत्रा शोध घेतो, पॉइंट धरतो, बंदुकीला घाबरत नाही, हाकेला येतो, पण पक्षी उडाला की बहुधा मागे धावतो. फिनिश्ड कुत्रा तिन्ही टप्प्यांवर थांबतो, दुसऱ्या कुत्र्याने पॉइंट धरलेला दिसला तर तिथेच मागे उभा राहतो आणि पक्षी हातात आणून देतो. तीन-चार महिन्यांत साधारण स्टार्टेड कुत्रा मिळतो. फिनिश्डला बहुतेक वेळा दोन हंगाम लागतात. चार महिन्यांचे पैसे भरून फिनिश्ड कुत्र्याची अपेक्षा धरली की पुढची निम्मी भांडणं तिथेच ठरलेली असतात.

शिकवण्याची सुरुवात अंगणात होते, पक्षी नसताना. ‘व्हो’ म्हणजे जिथे आहेस तिथे उभा राहा. एका प्रचलित पद्धतीत वीस-तीस फुटी दोराचा एक वेढा कुत्र्याच्या कमरेभोवती घालतात. दोराला हलका ताण दिला की कुत्रा चारही पायांवर स्थिर होतो. काही आठवड्यांत त्या ताणाची जागा ई-कॉलरचा (रिमोटवर चालणाऱ्या विजेच्या गळपट्ट्याचा) अगदी हलका झटका घेतो, आणि शेवटी नुसता शब्द किंवा शब्दाशिवायही काम भागतं. हे पक्के झाल्यावरच पक्षी आणतात.

पक्ष्यांवरचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण मालक जे बिघडवतो ते नेमकं हेच. गवतात एक लाँचर लपवलेला असतो: स्प्रिंगवर उघडणारी पेटी, आत कबुतर, आणि ट्रेनरच्या हातात रिमोट. कुत्र्याला आडव्या वाऱ्यातून आणतात, म्हणजे गंध एकदम बाजूने नाकात शिरतो आणि कुत्रा पेटीपासून वीसेक यार्डांवर असतानाच थबकतो. तो थांबून राहिला तर ट्रेनर पुढे जाऊन स्वतः पक्षी उठवतो आणि बार काढतो. कुत्रा एक पाऊल जरी पुढे सरकला तरी ट्रेनर रिमोट दाबतो. पक्षी भर्रकन उडून जातो, बार होत नाही, कुणी ओरडत नाही, हाती काहीच लागत नाही. अशा कित्येक पक्ष्यांनंतर कुत्र्याच्या डोक्यात एकच हिशेब पक्का बसतो: मी हललो तर पक्षी जातो, मी थांबलो तर माणूस तो मिळवून देतो.

लाँचर फार जवळून उघडला, तर पेटीचा खटका आणि तोंडावर आलेले पंख यांनी तरुण कुत्रा दचकतो. एकदा असं दचकलेला कुत्रा पुढे पक्ष्याचा गंध आला की वळसा घालून निघून जायला लागतो. याला ‘ब्लिंक करणं’ म्हणतात, आणि पॉइंट मोडून धावण्यापेक्षा हा दोष कितीतरी वाईट. धावणाऱ्याला थांबवता येतं. पक्ष्यालाच घाबरलेल्या कुत्र्याला परत पक्ष्याकडे वळवणं अनुभवी ट्रेनरलाही जड जातं.

बंदुकीची ओळखही अशीच बेताने होते. कुत्रा उडणाऱ्या पक्ष्यामागे जिवाच्या आकांताने पळत असताना, चांगला लांब गेल्यावर, खेळातल्यासारख्या छोट्या ब्लँक (गोळी न सुटणाऱ्या) पिस्तुलाचा एक आवाज. त्याने कान हलवले नाहीत तर पुढच्या दिवसांत थोडं जवळून. शॉटगन सगळ्यात शेवटी. म्हणून कुत्रा ‘सवयीचा होईल’ म्हणून त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेऊन बांधायचं नाही. पक्ष्याशिवायचा नुसता धडाका हेच बंदुकीच्या भीतीचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

पाळीव पक्षी आणि रानपक्षी

ट्रेनिंगमधले बहुतेक पक्षी पिंजऱ्यात वाढवलेले असतात: कबुतर, बॉबव्हाइट लावा, चुकार तित्तिर. पिंजऱ्यातला लावा गवतात ठेवला तर तो बसून राहतो, उडला तरी रडतखडत. कुत्र्याला तीन फुटांवर जाऊनही तो मिळतो, कधी चक्क तोंडातच सापडतो. असा एखादा पक्षी कुत्र्याने स्वतः पकडला की वरचा हिशेब उलटा होतो: पुढे गेलं तर मिळतं. चांगले ट्रेनर म्हणूनच जोमाने उडणारी कबुतरं आणि लाँचर वापरतात.

रानपक्षी असली सूट देत नाही. रानातला फेझंट नर पॉइंटसमोरून गवतातून पळत सुटतो. रफ्ड ग्राउज कुत्रा जरा जास्त जवळ आला की उडतोच. किती अंतरावर थांबायचं हे कुत्र्याला शेवटी रानपक्षीच शिकवतो. याच कारणासाठी दक्षिणेकडचे अनेक ट्रेनर जुलै-ऑगस्टमध्ये कुत्र्यांचे ट्रेलर घेऊन नॉर्थ डकोटा, मॉन्टाना किंवा कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गवताळ प्रदेशात जातात. तिथे सकाळी गारवा असतो, मैलोन्‌मैल उघडी जमीन असते आणि शार्पटेल ग्राउज व हंगेरियन तित्तिर यांच्यावर कुत्र्याला रोज काम मिळतं. ट्रेनर निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: माझ्या कुत्र्याला रानपक्षी मिळणार का, आणि आठवड्यातले किती दिवस तो प्रत्यक्ष पक्ष्यांवर काम करेल? दुसरा प्रश्न: एकावेळी किती कुत्रे असतात आणि माझ्या कुत्र्याला तुम्ही स्वतः शिकवणार की मदतनीस? बऱ्याच ठिकाणी महिन्याची फी हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, शिवाय पक्ष्यांचे पैसे वेगळे धरले जातात, तेव्हा हे विचारायला संकोच करायचं कारण नाही.

आणि मालकाने पहिली शिकार प्रिझर्व्हवर, म्हणजे पिंजऱ्यातले पक्षी सोडून शिकार करू देतात अशा राखीव जागेवर केली असेल, तर रानात गेल्यावर कुत्रा काही दिवस पक्षी उडवून लावणार हे धरून चालावं. तो शिकलेलं विसरलेला नसतो. अंतराचा अंदाज त्याला नव्याने बांधावा लागतो.

ताबा घेण्याचा दिवस

कुत्रा घ्यायला जाताना पूर्ण दिवस काढून जावं, आणि जमलं तर त्याआधीही दर दोन-तीन आठवड्यांनी एक फेरी मारावी. शेवटच्या दिवशी ट्रेनरने कुत्रा दाखवणं पुरेसं नाही. शिट्टी आणि रिमोट मालकाच्या हातात असावा आणि ट्रेनरने दहा पावलं मागून चालावं. तेव्हाच कळतं की मालक ‘व्हो’ प्रश्न विचारल्यासारखा म्हणतो, किंवा एकाच दमात चार वेळा म्हणतो. कुत्र्याच्या दृष्टीने चार वेळा म्हटलेला हुकूम म्हणजे चौथ्यांदा पाळायचा हुकूम.

शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. ट्रेनर ‘हिअर’ म्हणत असेल आणि घरात सगळे ‘कम’ म्हणत असतील तर एक शब्द बाद करावा. एक शिट्टी म्हणजे काय, दोन म्हणजे काय, पॉइंटवरून सोडताना डोक्याला टपली मारतात की नाव घेतात, हे सगळं. घरी ‘व्हो’ हा शब्द दार उघडताना, जेवण ठेवताना गंमत म्हणून वापरत बसू नये. वापरायचाच असेल तर दर वेळी पाळून घ्यायचा.

ई-कॉलरची पातळी प्रत्यक्ष बघून घ्यावी. कंपनीनुसार आकडे वेगळे असतात, त्यामुळे ट्रेनरच्या कॉलरवरचा ‘तीन’ आपल्या कॉलरवर भलताच निघू शकतो. योग्य पातळी म्हणजे कुत्रा कान हलवतो किंवा मान वळवतो तेवढीच. ओरडला तर ती जास्त झाली. कॉलर मानेवर वरच्या बाजूला, झटका देणारी दोन्ही टोकं कातडीला टेकतील इतकी घट्ट, पण पट्ट्याखाली एक बोट सरकेल इतकी मोकळी. सैल कॉलर धोक्याची: झटका कधी लागतो कधी नाही, मग मालक आकडा वाढवत नेतो. दिवसाच्या शेवटी ती काढायचीच, नाहीतर टोकांखाली जखमा होतात.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस शिकार नको. लांब दोर लावून रोज पंधरा मिनिटं ‘हील’ (पायाशी चाल), ‘हिअर’, ‘व्हो’. कुत्रा जागा बदलली की नियमही बदलले का, हे तपासून बघतो. त्याला उत्तर अंगणातच मिळालेलं बरं.

पॉइंटवर चालत जाणं

बहुतेक मालकांचा हंगाम इथे घडतो किंवा बिघडतो, म्हणून जरा सावकाश.

कुत्रा थांबला आहे. शेपूट ताठ, अंग कसलेलं, नाकपुड्या हलताहेत. धावत जायचं नाही, पण रेंगाळायचंही नाही. वाटेत बोलायचं नाही. ‘व्हो… व्हो… शाब्बास… व्हो’ असं पुटपुटत येणारा माणूस कुत्र्याला फक्त इतकंच सांगत असतो की थांबणं ही अजून चर्चा सुरू असलेली बाब आहे. थांबलेल्या कुत्र्याला हुकुमाची गरज नसते.

मागून सरळ त्याच्या अंगावरून जायचं नाही. मागून पावलं आली की कुत्र्याला ढकलल्यासारखं होतं आणि तो सरकतो. बाजूने मोठा वळसा घेऊन, कुत्र्याला आपण दिसत राहू असं, त्याच्या नाकाच्या पुढे दहा-पंधरा फुटांवर आत शिरायचं. पळणाऱ्या फेझंटला तर असं समोरून आलेलं माणूसच अडवतं. बंदुकीची नळी आकाशाकडे. नजर जमिनीवर पक्षी शोधत नसावी. समोर, कमरेच्या उंचीवर असावी, कारण पायाशी बघणारा माणूस पक्षी उडाल्यावर अर्धा सेकंद मागे पडतो. मग पाय गवतात घासत, ठामपणे पुढे.

पक्षी उठला की दोन गोष्टी बघायच्या. पहिली, पक्ष्याच्या खाली आकाश दिसतंय का? जमिनीलगत उडणाऱ्या पक्ष्यावर बार काढायचा नाही. त्या उंचीवर कुत्रा असतो, आणि मालकाच्याच छर्‍र्‍यांनी कुत्रे जखमी होण्याचे बहुतेक प्रसंग असेच घडतात. दुसरी, कुत्रा थांबून होता का?

या दुसऱ्या प्रश्नावर सगळं उभं आहे. कुत्र्याने पॉइंट धरला, स्थिर राहिला आणि पक्षी माणसाने उठवला, तरच बार. कुत्रा आत घुसला आणि त्यामुळे पक्षी उडाला, तर बंदूक खाली. पक्षी कितीही सोपा असो, दिवसातला पहिलाच असो, पाहुणा सोबत असो. लाँचरचा रिमोट हातात घेऊन ट्रेनरने जे चार महिने शिकवलं, ते कुत्र्याने उडवून लावलेला एक पक्षी पाडल्याने लगेच सैल होतं, आणि असे चार-पाच पक्षी पाडले की जवळजवळ पुसलं जातं. कुत्र्याला कळतं की घुसूनही तोंडात पक्षी मिळतो, आणि घुसणं थांबण्यापेक्षा केव्हाही जास्त मजेचं. पहिल्या हंगामात काही मालक बंदूक दुसऱ्याच्या हातात देतात आणि स्वतः फक्त कुत्रा सांभाळतात. हा सगळ्यात चांगला उपाय आहे, कारण पक्षी पाडायचा मोह आणि कुत्र्याकडे लक्ष एकाच डोक्यात नीट राहत नाहीत.

यात न्यायही हवा. कुत्रा स्थिर उभा असताना पक्षी स्वतःहून उडाला, तर तो कुत्र्याचा दोष नाही. वारा पाठीमागून असेल तर कुत्रा नकळत पक्ष्यावर जाऊन आदळतो, कारण गंध त्याच्यापर्यंत आलेलाच नसतो. अशा वेळी पक्षी उडाल्यावर कुत्रा जागेवर थांबला, तर त्याने उत्तम काम केलं. म्हणून शोध सुरू करतानाच वारा तोंडावर किंवा बाजूने येईल अशी दिशा धरावी. वाळलेल्या गवताचा चुरा हातातून सोडून बघितला की वारा कळतो. कोरड्या, कडक उन्हात गंध टिकत नाही. दंवाने किंवा हलक्या ओलीने जमीन भिजलेली असेल आणि मंद वारा असेल तर तोच कुत्रा दुप्पट अंतरावरून पॉइंट धरतो.

अर्ध्या मिनिटात काहीच उठलं नाही तर पक्षी पायी निघून गेला असं समजावं. टपली मारून किंवा ठरलेल्या शब्दाने कुत्र्याला पुढे सोडायचं. तो माग काढत थोडं अंतर जाऊन पुन्हा थांबतो. फेझंटवर असं तीन-चार वेळा होऊ शकतं. बॉबव्हाइट लाव्यांचा थवा मात्र बराच वेळ दबून बसतो आणि दहा-पंधरा पक्षी एकदम फुटतात. तिथे सगळ्या थव्यावर बंदूक रोखणाऱ्याला काहीच मिळत नाही. एक पक्षी निवडावा, उरलेले कुठे उतरले ते बघून ठेवावं.

कुत्रा घुसला तर

ओरडायचं नाही, मागे धावायचं नाही. पक्षी दूर जाऊ द्यायचा. कुत्रा परत आला की त्याला उचलून किंवा पट्ट्याला धरून नेमकं जिथे तो थांबायला हवा होता तिथे आणून उभं करायचं, ‘व्हो’ एकदा, आणि मिनिटभर तसंच ठेवायचं. मग शोध पुढे सुरू.

ई-कॉलरने इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कुत्रा पक्ष्याकडे बघतो आहे, गंध नाकात आहे, आणि त्याच क्षणी मोठा झटका बसला, तर तो झटक्याचं नातं पक्ष्याशी जोडतो. चुकीशी जोडत नाही. ब्लिंक करणारे कित्येक कुत्रे असे तयार झालेले असतात. पक्षी जवळ असताना कॉलर वापरायचीच असेल तर फक्त ‘व्हो’ हा शब्द आधी पक्का झालेला असताना, ट्रेनरने ठरवून दिलेल्या पातळीवर, आणि शब्दाबरोबरच. राग आला असेल तर रिमोट खिशात ठेवावा. दोन-तीन पक्ष्यांवर सलग चूक झाली, तर त्या दिवसापुरती शिकार थांबवून पुढचे दोन आठवडे लांब दोर आणि कबुतरं. हे लगेच केलं तर कुत्रा परत येतो. हंगाम संपेपर्यंत ढकललं तर ट्रेनरकडे आणखी दोन महिने लागतात.

सुरुवातीच्या खेपांना माणसं कमी असावीत. चार बंदुका एकदम कडाडल्या, माणसं हाका मारू लागली, दुसऱ्याचा न शिकवलेला कुत्रा पॉइंटसमोरून धावत गेला, तर कोणताही तरुण कुत्रा टिकणार नाही. मालक आणि एक सोबती, एक कुत्रा, सकाळचे दोन तास. एवढंच पुरे.

पडलेला पक्षी आणण्याबाबत मालकांमध्ये खरा मतभेद आहे. काही जण बार झाल्यावर कुत्र्याला धावू देतात, कारण पंखात लागलेला फेझंट नर जमिनीवर पडला की जिवाच्या आकांताने पळतो, आणि पाच सेकंदांचा उशीर म्हणजे हरवलेला जखमी पक्षी. दाट गवतात फेझंटसाठी हे आम्हाला पटतं. पण ही सूट बारापर्यंतच असावी, पक्षी उठेपर्यंत कुत्रा पूर्ण स्थिर हवा, आणि बार झाल्यावर जाऊ द्यायचं की नाही हे हंगामाच्या आधीच ठरलेलं असावं. आज जाऊ दिलं, उद्या रागावलं, असं केलं तर कुत्रा पक्षी उठण्याच्याही आधी निघायला लागतो. शिवाय सुटलेला कुत्रा दुसऱ्या बाराच्या वाटेत येऊ शकतो, हे प्रत्येक बंदूकधाऱ्याला आधीच सांगून ठेवावं.

अंग साथ देत नसेल तर शिकवणही टिकत नाही

थकलेल्या कुत्र्याचं नाक आणि डोकं दोन्ही मंदावतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारा कुत्रा गंध नीट घेऊ शकत नाही, म्हणून दुपारी पक्षी उडवायला लागलेला कुत्रा पुष्कळदा उद्धट झालेला नसतो, दमलेला असतो. हंगामाच्या आधी सहा ते आठ आठवडे धावण्याची सवय वाढवत न्यावी.

सप्टेंबरच्या सुरुवातीला गवताळ प्रदेशात ऊन हा सगळ्यात मोठा धोका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस. ४१ च्या वर गेलं की जीवघेणं. जीभ टोकाला रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ चिकट होते, हिरड्या गडद लाल होतात, पाय लटपटतात. हे दिसताच थांबायचं, सावली, सगळ्या अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि तसंच पशुवैद्याकडे निघायचं. तरुण, जोशपूर्ण कुत्रा स्वतःहून थांबत नाही. उन्हात वीस-तीस मिनिटांनी त्याला थांबवणं मालकाचं काम. पाणी थोडं थोडं, पण वारंवार.

मुख्य जेवण संध्याकाळी, काम संपून तासभर झाल्यावर. हंगामात साधारण ३० टक्के प्रथिनं आणि २० टक्के चरबी असलेलं कोरडं खाद्य बरेच जण देतात. सकाळी भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका. उलट दिवसभर पळून काही कुत्र्यांच्या रक्तातली साखर उतरते: चाल अडखळते, नजर हरवते, कधी झटके येतात. बॅगेत मधाची छोटी बाटली असावी. हिरड्यांवर मध चोळायचा, कुत्रा शुद्धीवर नसेल तर घशात काहीही ओतायचं नाही.

गाडीशी परतल्यावर रोज, कितीही उशीर झाला असला तरी, कुत्र्याची तपासणी. बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानात, पापण्यांखाली, हिरड्यांच्या कडेला. गवताची काटेरी कुसळं एकाच दिशेने सरकतात: एकदा कातडीत शिरली की आतच जातात, आणि श्वासातून गेलेली फुप्फुसापर्यंत पोचून आठवड्यांनी गळू करतात. सतत शिंकणं, डोकं झाडणं, एकच पाय चाटत राहणं, याकडे दुर्लक्ष नको. छातीवर काटेरी तारेचे चिरे केसांत लपतात, हात फिरवूनच सापडतात. साळिंदराचे काटे थोडे असतील तर चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढावेत. तोंड-घशात असतील तर पशुवैद्याने भूल देऊनच काढलेले बरे. डोळे धुवायला सलाईन, चिमटा, पायाला गुंडाळायची चिकटपट्टी, एवढं गाडीत कायम असावं.

पुन्हा ट्रेनरकडे कधी

पहिल्या हंगामानंतर एक महिना ट्रेनरकडे परत पाठवणं हे शिकवण फसल्याचं लक्षण नाही. बहुतेक चांगले ट्रेनर ते आधीच सुचवतात. पाठवताना काय बिघडलं ते नेमकं सांगावं: पक्षी उठल्यावर निघतो की बार झाल्यावर, सगळ्याच पक्ष्यांवर की फक्त पळणाऱ्या फेझंटवर, आणि त्यातल्या किती पक्ष्यांवर आपण बार काढला. ट्रेनरला शेवटचं उत्तर सगळ्यात उपयोगाचं असतं, आणि मालक नेमकं तेच लपवतात.

कुत्रा कुठवर आला हे तिऱ्हाइताकडून जोखून घ्यायचं असेल तर चाचण्या आहेत. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या नावडा (NAVHDA) या शिकारी कुत्र्यांच्या उत्तर अमेरिकी संस्थेची पहिली चाचणी फक्त जन्मजात गुण बघते. तिची वरची युटिलिटी चाचणी पक्षी उठणं, बार आणि पडणं या तिन्हींवर स्थिरता मागते. अमेरिकन केनेल क्लबच्या ज्युनियर, सीनियर आणि मास्टर हंटर पायऱ्याही अशाच चढत जातात. या चाचण्यांत कुत्रे एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, ठरलेल्या मापाशी तुलना होते, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्या मालकालाही त्या झेपतात. फील्ड ट्रायलचं, म्हणजे कुत्र्यांच्या आपसातल्या स्पर्धांचं, जग वेगळं. अमेरिकेतली पहिली नोंदलेली ट्रायल १८७४ मध्ये टेनेसीतल्या मेम्फिसजवळ झाली, आणि त्याच राज्यातल्या ग्रँड जंक्शन इथे भरणाऱ्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत कुत्र्याला सलग तीन तास धावत शोध घ्यावा लागतो. तिथला कुत्रा घोड्यावरून हाताळतात. त्या वंशाचं पिल्लू पायी शिकार करणाऱ्याने घेतलं, तर ते त्याच्यासाठी फार लांब धावेल. ट्रेनर निवडण्याच्या आधी, पिल्लू घेतानाच हे बघावं: आईवडील कोणत्या प्रकारच्या शिकारीसाठी वाढवले होते. कुत्रा किती लांब धावेल याची ओढ बरीचशी जन्मतः येते, आणि चार महिन्यांचं ट्रेनिंग ती थोडीशीच बदलू शकतं.